नळीतली पांढरी पूड

शनिवारची सकाळची शाळा सुटली, की मी घरी न जाता शेडवर जायची. श्रीरामपूरच्या बाहेर, रेल्वेच्या रुळांपलीकडं, बंद पडलेल्या एका सरकीच्या वखारीत माझ्या यजमानांनी प्लास्टिकच्या नळ्या काढायचं मशीन बसवलं होतं. त्याआधी ते साखर कारखान्यात फिटर होते. लोखंड त्यांना हातानं कळायचं, प्लास्टिक कळत नव्हतं. मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. त्यामुळं प्लास्टिक मला कळत असणार असं ते धरून चालले होते, आणि हळूहळू मीही तसंच धरून चालायला लागले होते.

नवा माल मिळवणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. आम्ही भंगार वापरायचो. तुटक्या चपला, फाटके रेनकोट, वायरीवरून सोललेली सालं, फुटक्या नळ्या. ते निवडायला एक मावशी होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, नवरा वारलेला, जवळच्याच ख्रिस्ती वस्तीत एकट्या राहणाऱ्या. मी त्यांना तांब्याच्या तारेची युक्ती शिकवली होती. तार लाल तापवायची, प्लास्टिकला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली, तर तो तुकडा आपल्या कामाचा. आठ दिवसांत त्यांना तारेची गरज उरली नाही. तुकडा हातात घेऊन वाकवायच्या, कधी दाताखाली धरून बघायच्या, आणि बाजूला टाकत म्हणायच्या, "बाई, ह्यो आपला न्हाई." त्या सहसा चुकायच्या नाहीत.

एका शनिवारी मी शेडच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि नाकात काहीतरी सुईसारखं टोचलं. मशीनमधून येणारी नळी आधी तपकिरी पडली होती, मग यायचीच बंद झाली होती. माल साच्याच्या तोंडाशी अडकला होता. यजमान हातात पाना घेऊन साच्यासमोर वाकून बघत होते. मावशी मागच्या बाजूला होत्या. त्यांना वास वेगळा वाटला असावा. त्यांनी "मालक, हिकडं या आदी" अशी हाक मारली. ती हाक इतकी करडी होती, की यजमान कधी नव्हे ते ताबडतोब वळले आणि दोन पावलं बाजूला झाले. तेवढ्यात बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. साचा सुटून समोरच्या भिंतीवर आदळला आणि त्याच्यामागून जळका, चिकट गोळा गेला. जिथं यजमानांचं तोंड होतं, तिथून गेला.

मग धूर आला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, छातीत आग. आम्ही तिघं खोकत, एकमेकांना ओढत बाहेर आलो आणि रुळांच्या कडेला बसलो. मी यजमानांच्या तोंडावरून हात फिरवून बघत होते, सगळं जागेवर आहे ना म्हणून. मावशींना उलटी झाली. ती आटपल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि मशीन बंद केलंय का असं विचारलं.

माझ्या आयुष्यातली पहिली खरी भीती तीच. लहानपणी विंचवाची, सापाची भीती वाटली होती, पण ती क्षणाची. ही भीती अंगातून जाईना. यजमान परत त्या मशीनसमोर उभे राहणार, रोज राहणार, आणि मी शाळेत फळ्यासमोर उभी असताना तिकडं कधीही बार उडू शकतो, ह्या विचारानं वर्गात माझा खडू हातातून पडायचा.

म्हणून मी पुस्तकं काढली. कारण सापडायला वेळ लागला नाही. हे प्लास्टिक फार तापलं, की त्यातून तिखट आम्लाचा वायू सुटतो, आणि तो वायूच उरलेल्या प्लास्टिकला आणखी जाळत नेतो. नव्या मालात उष्णता सोसण्यासाठी काहीतरी मसाला घातलेला असतो. एकदा वितळून वस्तू झालेल्या मालात तो मसाला संपत आलेला असतो. त्याला दुसऱ्यांदा तापवायचं, तर मसाला परत घालायला हवा. आम्ही नुसतं भंगार तापवत होतो. आमच्या नळ्या उन्हात तडकायच्या, लोक परत आणून टाकायचे, त्याचंही कारण हेच होतं.

यजमान मुंबईला जाऊन आले. येताना त्यांनी एक लहान पोतं आणलं. आकारानं दहा किलो बाजरीएवढं. मी ते सरकवायला गेले आणि जागचं हललं नाही. आत पांढरी, मऊ पूड होती, तांदळाच्या पिठीसारखी. यजमान म्हणाले, की मोठ्या कारखान्यांत हीच घालतात. ते खरंच होतं.

पोत्याच्या तोंडाशी एक चिठ्ठी शिवलेली होती. तिच्यावर इंग्रजीत नाव लिहिलं होतं: ट्रायबेसिक लेड सल्फेट. लेड म्हणजे शिसं. हे मला त्याच क्षणी कळलं. शिसं विषारी असतं, हे मी दरवर्षी नववीच्या मुलींना सांगत होते. पण मी मनाशी म्हटलं, सल्फेट पाण्यात विरघळत नाही. कॉलेजात परीक्षानळीच्या तळाशी त्याचा पांढरा साका बसलेला मी पाहिला होता, कितीही हलवला तरी तसाच. विरघळत नाही म्हणजे बाधत नाही, असा मी अर्थ लावला. पोटातल्या आम्लाचा मी विचार केला नाही, श्वासाबरोबर जाणाऱ्या धुळीचा तर नाहीच. मला तो बार परत ऐकायचा नव्हता. भ्यालेलं माणूस जे ऐकायचं तेच ऐकतं.

प्रमाण ठरवायचं काम मी घरी केलं. स्वयंपाकघरातच, कारण शेडमध्ये वारा होता आणि तराजू हलायचा. शंभर भाग भंगाराला एक भाग पूड, मग दोन, मग तीन, अशा चकत्या केल्या आणि एका जुन्या तव्यावर मांडून स्टोव्हवर तापवल्या. नुसत्या भंगाराची चकती बघता बघता तपकिरी झाली, मग काळी. एक भागवाली थोडी टिकली. तीन भागवाली शेवटपर्यंत दुधासारखी राहिली. मला आनंद इतका झाला, की मी शेजारणीला बोलावून दाखवलं. त्या वेळी मला दुसरा महिना होता. तव्यावरून वर येणाऱ्या वाफेकडं मी वाकून बघत होते.

त्या मसाल्यानं आमची नळी बदलली. गुळगुळीत, एकसारखी, वाकवली तरी न तडकणारी. साच्याच्या तोंडाशी माल अडकेना. वासही गेला. भंगार फारच हलकं आलं, की यजमान तीनाऐवजी पाच भाग पूड घालायचे. मला विचारून घालायचे, आणि मी हो म्हणायची.

पूड कालवायचं काम मावशींकडं होतं. घमेल्यात भंगाराची कातरण घ्यायची, थोडं तेल चोळायचं, म्हणजे पूड चिकटते, आणि मग दोन्ही हातांनी पीठ मळावं तसं खालीवर करायचं. पहिले काही दिवस त्यांनी नाकाला पदर बांधला. पुढं उन्हाळा वाढला, पदर सुटला. ते दुष्काळाचं वर्ष होतं. शेडवर पाण्याचं एकच पिंप असायचं आणि ते गरम नळी थंड करायला राखून ठेवलेलं. त्यामुळं जेवायच्या वेळी मावशी हात फडक्याला पुसायच्या. भाकरी सोडायच्या आधी प्रार्थना करायच्या, कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावायच्या. त्यांच्या कपाळावर पांढरा ठसा उमटायचा. मी तो कितीतरी वेळा पाहिला. एकदा हसून त्यांना सांगितलंही, की मावशी, कपाळाला पीठ लागलंय.

दुष्काळानं सगळीकडं नळ्यांची मागणी वाढवली. मिरजगावच्या अलीकडच्या एका गावचे सरपंच स्वतः आले. गावातल्या विहिरी आटल्या होत्या. लांब शिवारात एका विहिरीला पाणी होतं आणि बायका दिवसभर हंडे वाहत होत्या. त्या विहिरीपासून गावातल्या टाकीपर्यंत नळी टाकायची होती. यजमान टेम्पोत नळीची वेटोळी घालून स्वतः गेले आणि चार दिवस राहून काम करून आले. आल्यावर त्यांनी सांगितलं, की पाणी आलं तेव्हा लहान लहान पोरींनी नळीच्या तोंडाखाली ओंजळी धरल्या आणि ह्यांनी स्वतः त्या भरून दिल्या. मलाही फार अभिमान वाटला.

मावशींची तक्रार त्याच सुमाराला सुरू झाली. तोंडाला तांब्याची चव येते म्हणाल्या. मग पोटात पिळा पडायला लागला. ओलं लुगडं पिळावं तसं पोट पिळतंय, म्हणायच्या, आणि घमेल्याजवळच गुडघे पोटाशी घेऊन बसायच्या. पोट साफ होत नव्हतं. मी ओवा दिला, एरंडेल दिलं. थोडं बरं वाटलं की परत कामाला लागायच्या. त्यांचा रंग उतरत चालला होता. मी म्हणायची, उन्हाळा बाधला असेल. दुष्काळाच्या साली सगळ्यांचेच चेहरे उतरलेले असायचे.

मग एका दुपारी त्या भाकरी खायला बसल्या आणि तुकडा हातातून पडला. परत उचलला, परत पडला. मी समोरच होते. त्यांनी उजवा हात पुढं धरला. मनगटापासून तो पंजा खाली लोंबत होता, ओल्या फडक्यासारखा. त्यांनी डाव्या हातानं तो वर उचलला, सोडला, तो परत खाली पडला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"हात हाय, बाई. पर उठत न्हाई."

त्यांच्या आवाजात कुरकुर नव्हती. नवल होतं, आणि त्या नवलाच्या मागं भीती होती.

टांग्यात घालून मी त्यांना मिशनच्या सिस्टरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयस्क, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी हात पाहिला, पोट दाबून पाहिलं. मग बोटानं मावशींचा खालचा ओठ खाली ओढला आणि खिडकीच्या उजेडात तोंड वळवलं. हिरड्यांच्या कडेनं, दातांच्या मुळाशी, निळसर काळी रेघ होती. शाईच्या दौतीत टाक बुडवून ओढावी तशी बारीक. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, की ह्या छापखान्यात कामाला आहेत का, रंगाच्या कारखान्यात आहेत का. मी म्हटलं, प्लास्टिकच्या. तिथं काय हाताळतात, असं त्यांनी विचारलं. मी पुडीचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, जसं चिठ्ठीवर होतं तसं.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांची नजर माझ्या पोटाकडं गेली. मला पाचवा महिना लागला होता.

"ती पूड तुम्हीही हाताळता?"

मी मान हलवली. हो अशी हलवली की नाही अशी, हे मला आजही आठवत नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, की आजपासून त्या पुडीच्या जवळपास जायचं नाही. बाळाला काही होईल का, असं मी विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या, की खोटा धीर मी कुणाला देत नाही. मावशींना त्यांनी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी दिली.

घरी येऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि आत जायची हिंमत होईना. तराजू फळीवर होता. त्याच्या शेजारी हळदीचा डबा. खाली पिठाचा डबा, त्याचं झाकण नीट बसत नव्हतं, कधीच बसत नव्हतं. मी प्रत्येक डबा रिकामा केला. पीठ, डाळ, तांदूळ, दुष्काळात मोलानं मिळालेलं सगळं, परसात खड्डा करून पुरलं. ओटा घासला, फळ्या घासल्या. पूड पांढरी आणि भिंतींचा चुनाही पांढरा. कुठं संपते, कुठं सुरू होते, काही कळेना. पोटात बाळ हललं, की मला दचकायला व्हायचं, आणि हललं नाही, की त्याहून जास्त.

आणि मग, पिठाचा डबा धुताना, मला ती ओंजळ आठवली. मिरजगावकडच्या त्या पोरींची.

यजमानांना लगेच काही सांगितलं नाही. आधी खात्री करायची होती. गावाला गेलेल्या नळीचाच एक हातभर तुकडा शेडमध्ये होता. त्याचं एक तोंड बुचानं बंद करून मी पाण्यानं भरला, दुसरं तोंडही बंद केलं आणि एक दिवस तसाच ठेवला. रविवारी शिपाईमामांकडून शाळेची किल्ली घेतली. प्रयोगशाळेत कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार करायचं काचेचं उपकरण होतं. तो वायू शिसं असलेल्या पाण्यातून सोडला, की पाणी काळपट होतं. मुलींना मी हे करून दाखवायची आणि मुली नाकं दाबून हसायच्या. त्या दिवशी मी एकटीच होते, नाकाला ओला रुमाल बांधून, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून.

दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत नळीतलं. साध्या पाण्यातून वायू बुडबुडत गेला आणि पाणी स्वच्छ राहिलं. दुसरीत सुरुवातीला काही दिसलं नाही. मला वाटलं, सुटलो. मी देवाचं नावही घेतलं. आणि मग पाण्याला रंग चढायला लागला. फिक्कट चहासारखा, मग जरा गडद. मी परीक्षानळी पांढऱ्या कागदासमोर धरली. रंग खरा होता.

पुस्तकात म्हटलं होतं ते खोटं नव्हतं. पूड पाण्यात विरघळत नाही म्हणजे अगदी थोडी विरघळते. आणि आमचं भंगार नीट न वितळता जोडलेलं, नळीच्या आतल्या अंगाला पूड तशीच चिकटून राहिलेली. पाण्याबरोबर ती सुटत होती.

यजमानांना मी त्याच दिवशी दाखवलं. त्यांनी परीक्षानळी बराच वेळ हातात धरली. किती आहे, असं विचारलं. मी सांगितलं, की आहे एवढं कळतं, किती ते मोजायचं साधन शाळेत नाही. थोडंसंच असेल, असं ते म्हणाले. मी म्हटलं, असेल. मग ते खाटेवर बसले आणि दोन्ही हात पुढं धरून त्यांच्याकडं बघत राहिले. "मी स्वतः भरून दिल्या गं ओंजळी," एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं, की ते मला दोष देतील. दिला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आम्ही निघालो. नगरला गाडी बदलली. ते उपकरण खोक्यात, पेंढ्यात गुंडाळून माझ्या मांडीवर होतं. वाटेवर दोन्ही बाजूंना रान उघडं पडलेलं, रस्त्याच्या कामावर माणसं ओळीनं बसून खडी फोडत होती. प्रत्येक धक्क्याला माझा एक हात खोक्यावर आणि एक पोटावर जायचा. लोक काय म्हणतील, मारतील का, ह्याची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही होती, की तिथं एखादं पोर हात लोंबता ठेवून समोर येईल.

गावात चावडीसमोर माणसं जमली. यजमानांनी न अडखळता सगळं सांगितलं. नळीत शिसं आहे, पाण्यात उतरतं, नळी काढावी लागेल. आधी कुणाला कळलंच नाही. मग पुरुषांचा आवाज चढला. सरपंच म्हणाले, की पैसे घेताना हे का सांगितलं नाही. त्या गलक्यातून एक बाई पुढं आली. तिच्या कडेवर पोर होतं आणि डोक्यावर रिकामी चुंबळ तशीच होती. तिनं यजमानांकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहून बोलली.

"बाई, तुमी म्हनता पान्यात इख हाय. नळी काढून न्याल तुमी. मग उद्या माझ्या पोराला काय पाजू? तान मारती, ती काय कमी इख हाय?"

मी त्या पोराचा हात बघत होते. त्यानं आईच्या गळ्यातली पोत मुठीत घट्ट धरली होती. घट्ट धरली होती, हे बघून मी खोकं उघडलं.

मी त्या बाईला म्हटलं, की मला आधी पाणी बघू दे. चावडीच्या ओट्यावर मी उपकरण मांडलं. आदल्या दिवसापासून नळीत तुंबून राहिलेलं पाणी पहिल्यांदा काढलं, त्याला रंग आला. सगळ्यांनी पाहिला. मग पाणी वाहू दिलं. चार हंडे गेल्यावर परत घेतलं, रंग फिकट. दहा हंड्यांनंतरच्या पाण्यात मला रंग दिसला नाही. मी त्यांना खरं तेच सांगितलं. दिसला नाही म्हणजे अजिबात नाही असं नाही, पण पुष्कळ कमी आहे.

त्यावरून वाट निघाली. रोज सकाळचे पहिले दहा हंडे कुणी प्यायचे नाहीत, गुरांनाही पाजायचे नाहीत, ते रस्त्याच्या कामावर मुरूम भिजवायला जातील. दुष्काळात दहा हंडे पाणी तोंडापासून दूर लोटायला सांगणं किती अवघड होतं, हे मला ते सांगताना कळलं. त्या बाईनं ते काम अंगावर घेतलं. पुढं सरपंचांनी सांगितलं, की ती रोज पहाटे नळीपाशी काठी घेऊन बसायची आणि दहा हंडे मोजून जाईपर्यंत सख्ख्या सासूलासुद्धा कळशी लावू द्यायची नाही.

यजमान तिथून सरळ आपल्या जुन्या कारखान्यात गेले आणि भंगारात निघालेले लोखंडी पाइप मिळवले. सगळी लांबी जमवायला दोन महिने लागले. ते बसवून, आमची नळी गुंडाळून त्यांनी परत आणली. त्या दोन महिन्यांत गावातल्या काही मुलांची पोटं दुखली. पण त्या साली कुठल्या मुलाचं पोट दुखत नव्हतं? रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो, खाऊन, गढूळ पाणी पिऊन सगळ्यांचीच दुखत होती. त्यातलं आमच्या नळीचं किती, हे कुणी सांगू शकलं नाही. मलाही कधी कळणार नाही.

मशीन आम्ही बंद केलं. पुढं यजमानांनी दुसऱ्या जातीचं भंगार घेऊन दोरी काढायला सुरुवात केली. त्यात उन्हानं दोरी कुजू नये म्हणून काजळी घालावी लागायची. ती पहिल्यांदा आली तेव्हा मी पोतं उघडू दिलं नाही. नगरच्या कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांना पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर येईपर्यंत पोतं बाहेर छपराखाली पडून होतं.

मावशी पुण्याच्या दवाखान्यातून साडेतीन महिन्यांनी परत आल्या. मला आठवा महिना संपत आला होता. मी त्यांच्या घरी गेले. खोली स्वच्छ सारवलेली, भिंतीवर मेरीमातेची तसबीर. त्यांनी मला बसायला पाट दिला, डाव्या हातानं. उजवा पंजा आता थोडा वर उचलला जात होता. शेवटची दोन बोटं मात्र वाकलेलीच होती. पाणी देऊ का म्हणाल्या, मी नको म्हटलं. येताना आणलेली लुगडं-चोळी मी पुढं ठेवली. त्यांनी ती बाजूला सारली नाही, पण हातही लावला नाही.

बराच वेळ आम्ही पुण्याच्या गोष्टी बोललो. तिथल्या इंजेक्शनांच्या, खाटेशेजारच्या बाईच्या. मग त्या थांबल्या.

"बाई, एक इच्यारू? तुमास्नी ठाव हुतं का?"

ह्या प्रश्नाची मला तीन महिने धास्ती होती. शाळेत, घरात, एस.टी.त मी त्याची उत्तरं जुळवून ठेवली होती. ती सगळी सल्फेटाची उत्तरं होती. मी मावशींच्या हाताकडं पाहिलं आणि मला त्यातलं एकही देता आलं नाही.

"नाव ठाऊक होतं, मावशी," मी म्हटलं. "शिसं आहे हे ठाऊक होतं. बाधेल असं वाटलं नाही. वाटून घ्यायचं नव्हतं."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्या दिवशी मालकांना हाक मारली नसती तर, असं काही त्या म्हणतील असं मला वाटत होतं. तेही त्या म्हणाल्या नाहीत. पदर सावरून उठल्या आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं. गूळ घातलेला कोरा चहा. कप देताना त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता. मी प्याले.

पुढं त्या चर्चच्या शाळेत मुलांची पाटी-दप्तरं सांभाळायच्या कामाला लागल्या. यजमान दर महिन्याला त्यांच्याकडं जायचे, शेवटपर्यंत जायचे, त्या दोघांत काय बोलणं व्हायचं ते मला कधी कळलं नाही. मी बाजारात भेटले तर त्या थांबायच्या, मुलीची चौकशी करायच्या. आमच्या घरी मात्र त्या कधी आल्या नाहीत, आणि मीही बोलावलं नाही.

मुलगी झाली. वजनानं कमी, पण रडली जोरात. सुइणीनं तिला माझ्याजवळ दिलं तेव्हा मी तिचा चेहरा नंतर पाहिला. आधी दोन्ही मनगटं पाहिली. तिच्या तळव्यात मी माझं बोट ठेवलं. तिनं ते धरलं. मी सोडवायचा प्रयत्न केला, तिनं आणखी घट्ट धरलं, आणि मी तशीच, बोट तिच्या मुठीत ठेवून, उजाडेपर्यंत बसून राहिले. तिला पहिला दात आला तेव्हा मी खिडकीशी नेऊन हिरडी बघितली. ती उशिरा बोलली, तेव्हा मला जेवण गेलं नाही; शिसं मुलांच्या मेंदूलाही बाधतं, हे तोवर मी वाचलं होतं. तिसरीत पाढे चुकले, तेव्हा बाकीच्या आया मुलींना रागवायच्या आणि मी गप्प बसायची.

आज ती पन्नाशीची आहे, धडधाकट आहे. तिला मी हे मागच्या वर्षी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, की आई, म्हणून तू माझे हात सारखे बघत असायचीस का. मी हो म्हटलं.